मजूरमंत्री बाबासाहेब आणि नद्यांची वीज

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनाचे स्मरण आपल्याकडे बहुधा तीन स्थळांभोवती केले जाते. महाडचे चवदार तळे, घटना समितीचे सभागृह आणि नागपूरची दीक्षाभूमी ही ती स्थळे होत. या तिन्ही स्थळांचे माहात्म्य निर्विवाद आहे. तथापि जुलै 1942 पासून 1946 च्या मध्यापर्यंतची चार वर्षे आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतात. या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. पुढे स्वतंत्र भारताने नद्यांच्या पाण्यापासून वीज निर्माण करण्याचा जो मोठा उद्योग आरंभिला, त्याच्या पायाचे काही दगड या चार वर्षांत बसविले गेले. आमच्या शाळेच्या या स्मरणिकेत आम्ही बाबासाहेबांचे चरित्र त्या वर्षांच्या अंगाने सांगू इच्छितो.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्यास आले. 1901 च्या सुमारास रामजी हे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाच्या नोकरीवर होते. दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते आणि त्या कामाचा हिशेब रामजींकडे होता. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांना भेटण्यासाठी दहा वर्षांचा भीम आपल्या भावंडांसह साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरला. मुले महार आहेत असे कळताच त्यांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती निघाली, परंतु वाटेत त्यांना कोणी पाणी दिले नाही. जवळ शिदोरी असूनही पाण्यावाचून ती रात्रभर उपाशी राहिली. ज्या तलावाच्या कामावर बाप राबत होता, त्या तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर लेकरे तहानलेली होती. बाबासाहेबांच्या आयुष्यात पाण्याचा प्रश्न प्रथम असा उभा राहिला.

पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. त्या खोलीतच स्वयंपाक, तेथेच झोप आणि तेथेच अभ्यास. रात्री लवकर निजलेल्या भीमाला वडील दोनच्या सुमारास उठवीत आणि मग पहाटेपर्यंत रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यापाशी त्याचा अभ्यास चाले. या दिव्याच्या उजेडात 1907 साली तो मॅट्रिक झाला आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून 1912 साली पदवीधर झाला. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

भीमराव अमेरिकेत असतानाच, 1915 साली, खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईस वीज येऊ लागली. लोणावळ्याच्या परिसरात अडविलेले पावसाचे पाणी घाटाखाली सोडून जनित्रे फिरविली गेली आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. गिरणगावाच्या आकाशातील धूर त्यामुळे काहीसा कमी झाला असेल. परंतु त्या गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांच्या खोल्यांत दिवा लागायला पुष्कळ काळ जावा लागला. 1921 साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो याच मालिकेतील पुढच्या धरणाविरुद्ध होता. सत्याग्रह अयशस्वी ठरला, गावे बुडाली आणि वीज शहराकडे गेली. वीज कोणासाठी आणि तिचे मोल कोणी द्यावयाचे, हा प्रश्न महाराष्ट्रापुढे असा शंभर वर्षांपूर्वीच उभा होता.

कोलंबिया आणि लंडन येथील अभ्यासाने बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित झाले. 1918 साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे नुसते एकत्र केल्याने शेतकऱ्याचे दारिद्र्य जाणार नाही, शेतीवर विसंबलेल्या माणसांची संख्याच तिला पेलवेनाशी झाली आहे, आणि ही जास्तीची माणसे उद्योगधंद्यांकडे वळविल्याखेरीज शेतीही सुधारणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा विचार त्यांनी पुढे कधी सोडला नाही. खेड्यातील भूमिहीन माणूस जातीच्या उतरंडीत सर्वांत खाली होता आणि त्याच्या सुटकेचा एक मार्ग कारखान्याच्या दारातून जात होता. कारखान्याला शक्ती हवी, आणि ती स्वस्त व मुबलक हवी. बाबासाहेबांच्या मनात विजेने सामाजिक प्रश्नाचे रूप घेतले ते या वाटेने.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावरील हक्काचा दावा न्यायालयांतून दहा वर्षे चालला आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. सार्वजनिक पाणी कोणा एका वर्गाच्या मालकीचे नसते, हे तत्त्व तेथे सिद्ध झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी हाच पुरुष मजूरमंत्री झाला आणि देशातील मोठमोठ्या नद्यांच्या पाण्याचा विचार त्याच्या पुढ्यात येऊन पडला.

तो काळ महायुद्धाचा होता. युद्ध संपल्यावर देशाची पुनर्रचना कशी करावी यासाठी सरकारने निरनिराळ्या धोरण समित्या नेमल्या होत्या. त्यांपैकी सार्वजनिक बांधकामे व विद्युतशक्ती यांच्या समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. 25 ऑक्टोबर 1943 रोजी दिल्लीत तिची पहिली बैठक झाली. त्या बैठकीत त्यांनी मूलभूत प्रश्न मांडले. विजेची मालकी खाजगी भांडवलाकडे असावी की शासनाकडे? खाजगी असल्यास लोकहिताच्या रक्षणासाठी कोणत्या अटी घालाव्यात? ही जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? कोळसा, तेल आणि वाहते पाणी यांपैकी कोठे कशाचा उपयोग करणे श्रेयस्कर? हे प्रश्न विचारताना दारिद्र्यातून लोकांची सुटका हा विजेचा अंतिम हेतू असल्याचे त्यांनी समितीला बजावले. नोव्हेंबर 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले. देशात वीज कोठे आणि कशापासून निर्माण करता येईल याची पाहणी करून योजना आखणे हे त्याचे काम होते. एप्रिल 1945 मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला आणि अयोध्यानाथ खोसला हे नामवंत अभियंते त्याचे अध्यक्ष झाले.

विद्युतशक्तीचे दुसरे साधन म्हणजे कोळसा, आणि त्याचे स्वरूपही बाबासाहेबांनी प्रत्यक्ष पाहिले होते. डिसेंबर 1943 मध्ये कोळसाक्षेत्राच्या दौऱ्यात ते स्वतः खाणीत उतरले आणि मजुरांच्या वस्तीत फिरले. पुढच्याच महिन्यात खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. युद्धकाळातील कोळशाच्या टंचाईपायी स्त्रियांना खाणीत उतरविण्यावरील बंदी सरकारने उठविली होती. त्याबद्दल कायदेमंडळात टीका झाली आणि तिला उत्तर देण्याचे अवघड कर्तव्य मजूरमंत्री म्हणून त्यांच्यावर आले. ती बंदी 1946 मध्ये पुन्हा लागू झाली. प्रत्येक शक्तीमागे कोणाचे तरी श्रम आणि कोणाचे तरी शरीर असते, हे या खात्याने त्यांना नित्य दाखविले.

या कोळसाक्षेत्रातूनच दामोदर नदी वाहते. छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावून ती आजच्या झारखंडातून पश्चिम बंगालमध्ये उतरते. तिच्या पुरांमुळे तिला बंगालचे दुःख म्हटले जाई. जुलै 1943 मध्ये तिचा बांध फुटला, गावे पाण्याखाली गेली आणि कलकत्त्यास उत्तर भारताशी जोडणारा लोहमार्ग व हमरस्ता तुटला. बंगालमध्ये भीषण दुष्काळ चालू असतानाच हे संकट कोसळले. बंगाल सरकारने बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. अमेरिकेतील टेनेसी नदीच्या खोऱ्यात 1933 पासून एकच प्राधिकरण पूरनियंत्रण, सिंचन, नौकानयन आणि वीज यांची कामे एकत्रितपणे करीत होते. तेथील अनुभवी अभियंते वूर्डुइन हे केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळात आले आणि त्यांनी दामोदरसाठी आठ धरणे व एक बंधारा यांची योजना तयार केली.

अभियांत्रिकीपेक्षा राजकारणाची अडचण मोठी होती. पूर बंगालमध्ये येत होता, परंतु धरणे बिहारमध्ये बांधावी लागणार होती. बुडणारी जमीन एका प्रांताची आणि वाचणारी जमीन दुसऱ्या प्रांताची. अशा स्थितीत खर्च कोणी सोसावा आणि अधिकार कोणाचा असावा, या वादात योजना वर्षानुवर्षे पडून राहिली असती. 1945 च्या जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यास बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली केंद्र, बंगाल व बिहार यांच्या प्रतिनिधींच्या परिषदा झाल्या. नदी अखंड आहे, तिचे तुकडे प्रांतांच्या सीमांप्रमाणे करता येत नाहीत, आणि केवळ पूर अडविण्यासाठी धरण बांधणे म्हणजे हाती आलेली शक्ती वाया घालविणे होय, ही भूमिका त्यांनी तेथे लावून धरली. यातूनच पुढे 7 जुलै 1948 रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

येथे धम्माच्या अभ्यासकांस एका गोष्टीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. आपल्या अखेरच्या ग्रंथात, भगवान बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथात, बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेल्या कलहात शोधले आहे. युद्धास विरोध करणारा सिद्धार्थ तेथे असे सुचवितो की, दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी वाद मिटवावा. नदीच्या काठी राहणाऱ्या दोन समाजांनी एका आसनावर बसून निर्णय करावा, हा विचार ग्रंथात लिहिण्यापूर्वी बाबासाहेब दामोदरच्या परिषदांत त्या अनुभवातून गेले होते. राज्यघटनेतही आंतरराज्य नद्यांच्या वादांसाठी अनुच्छेद 262 आला, आणि वीज हा विषय केंद्र व राज्ये यांच्या समवर्ती सूचीत ठेवला गेला.

दामोदरनंतर महानदीचा प्रश्न आला. ओरिसात दरवर्षी पूर येई आणि उपाय म्हणून बांध उंच करण्याची जुनी रीत होती. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटक येथील परिषदेत बाबासाहेबांनी या रीतीचा स्पष्ट विरोध केला. अधिक पाणी हे अरिष्ट मानून समुद्राकडे ढकलण्याऐवजी ते साठवावे, त्यातून शेती भिजवावी, वीज घ्यावी आणि नावा चालवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. 15 मार्च 1946 रोजी संबळपूरजवळ हिराकूड धरणाची कोनशिला ओरिसाच्या राज्यपालांच्या हस्ते बसविण्यात आली. पुढे काही महिन्यांत बाबासाहेबांची मंत्रिपदाची मुदत संपली.

याच धामधुमीत, 8 जुलै 1945 रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि जून 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. एकीकडे धरणांच्या परिषदा आणि दुसरीकडे महाविद्यालयाची उभारणी, ही दोन्ही कामे एकाच मनातून निघालेली होती. रॉकेलच्या दिव्यापाशी शिकलेल्या विद्यार्थ्यास पुढच्या पिढीचा अभ्यास तशाच अंधारात होऊ द्यावयाचा नव्हता. 1947 साली घटना समितीस सादर केलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग शासनाच्या मालकीचे असावेत असे त्यांनी सुचविले. 1948 साली वीजपुरवठ्याचा केंद्रीय कायदा झाला, राज्याराज्यांत विद्युत मंडळे स्थापण्याचा मार्ग मोकळा झाला, त्या वेळी ते स्वतंत्र भारताचे विधिमंत्री होते.

स्वातंत्र्याच्या वेळी देशाची वीजनिर्मितीची क्षमता अवघी 1,362 मेगावॅट होती आणि तीत जलविद्युतेचा वाटा 508 मेगावॅट होता. लाखो खेड्यांच्या या देशात वीज पोहोचलेली खेडी सुमारे 1,500 होती. पुढे दामोदरच्या खोऱ्यात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार धरणे झाली. मूळ योजनेतील आठांपैकी निम्मीच त्या काळात उभी राहिली. 1960 च्या दशकाच्या आरंभी देशाच्या वीजक्षमतेत नद्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास पोहोचला होता. बाबासाहेब मात्र हे पाहावयास राहिले नाहीत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी, 13 जानेवारी 1957 रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते हिराकूड धरणाचे उद्घाटन झाले.

या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय आम्हांस हे चरित्र पुरे करता येणार नाही. हिराकूडच्या जलाशयाने अडीचशेहून अधिक गावे गिळली आणि लाखाहून अधिक माणसे विस्थापित झाली. दामोदरच्या खोऱ्यातही हजारो कुटुंबांची घरे आणि शेते गेली. त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि अनेकांचे पुनर्वसन पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळले. 6 डिसेंबर 1959 रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या तिसऱ्या स्मृतिदिनी, पंचेत धरणाचे उद्घाटन झाले. पंतप्रधानांनी धरणावर काम करणाऱ्या एका संथाळ मजूर मुलीच्या हातून यंत्राची कळ दाबविली. श्रमिकाच्या हस्ते उद्घाटन ही घटना गौरवाची होती. परंतु स्वागतासाठी तिने पंतप्रधानांना हार घातला, म्हणून तिचा त्यांच्याशी विवाह झाला असे मानून तिच्याच समाजाने तिला वाळीत टाकले. तिच्या हाताने वीज सुरू झाली आणि तिच्या वाट्याला बहिष्कार आला. वीज तारेतून कोसच्या कोस जाते. बहिष्काराचा अंधार दूर करण्याची शक्ती तिच्यात नसते. त्यासाठी माणसालाच बदलावे लागते, हे ओळखूनच बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस धम्माचा मार्ग दाखविला, असे आम्हांस वाटते.

आज चित्र पालटले आहे. देशातील मोठ्या जलविद्युत प्रकल्पांची क्षमता 2024 साली सुमारे 47,000 मेगावॅट होती, पण एकूण निर्मितीत नद्यांचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या जवळपास उतरला आहे आणि सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून येते. खुद्द दामोदर खोरे महामंडळाची जलविद्युत क्षमता 150 मेगावॅटच्याही आत राहिली, तर त्याची औष्णिक केंद्रे हजारो मेगावॅटची झाली. पायाखाली कोळसा असलेल्या खोऱ्यात तसे होणे अटळ होते. आता कोळशाच्या धुराने पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने सूर्य, वारा आणि पाणी यांच्याकडे देश पुन्हा वळतो आहे. पाण्याचे सामर्थ्य असे की, सायंकाळी सूर्य मावळल्यावर विजेची मागणी वाढते तेव्हा धरणाची जनित्रे काही मिनिटांत सुरू करता येतात. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पाऊस रुसला की जनित्रे थांबतात. आपला शेजारी बौद्ध देश भूतान जवळजवळ सर्व वीज नद्यांपासून घेतो आणि पावसाळ्यात ती भारतालाही विकतो, परंतु हिवाळ्यात नद्या रोडावल्या की त्यालाच भारताकडून वीज घ्यावी लागते. म्हणूनच कोणत्याही एका साधनावर न विसंबता, कोठे काय योग्य ते तपासून ठरविण्याची जी पद्धत 1943 च्या बैठकीत बाबासाहेबांनी घालून दिली, ती आजही उपयुक्त आहे.

या कार्याचे सारे श्रेय एकट्या बाबासाहेबांचे, असा आमचा दावा नाही. अभियंत्यांची बुद्धी, अधिकाऱ्यांचा उद्योग आणि असंख्य मजुरांचा घाम त्यात आहे. बाबासाहेबांचे वैशिष्ट्य हे की, त्यांनी नदीकडे आणि विजेकडे अंधारात बसलेल्या माणसाच्या जागेवरून पाहिले. वीज कोणाच्या घरी जाणार, तिचे मोल किती पडणार आणि तिच्यासाठी कोणाचे घर जाणार, हे तीन प्रश्न आजही प्रत्येक धरणाला, प्रत्येक सौर प्रकल्पाला आणि प्रत्येक कोळसाखाणीला विचारले गेले पाहिजेत.

आमच्या वसतिगृहातील मुले-मुली रात्री दिव्याखाली अभ्यास करतात, त्यांतील अनेकांचे आजी-आजोबा अंधाराच्या घरांत वाढले आहेत. उद्या यांतून कोणी अभियंता होईल, कोणी अधिकारी, कोणी एखाद्या धरणग्रस्तांच्या बाजूने उभा राहणारा वकील होईल. स्वतःच स्वतःचा दीप व्हावे, ही तथागतांची शिकवण ती रोजच्या वंदनेनंतर ऐकतात. आपला दीप उजळल्यावर त्याचा प्रकाश शेजारच्या अंधारापर्यंत नेण्याचे काम मजूरमंत्री बाबासाहेबांनी चार वर्षे अखंड केले. त्या कार्यास आमचे विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय! जय भीम!